बातमी सांगणारा ओळखीचा आवाज

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी मुलांच्या भवितव्याची चर्चा सुरू होते. डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल आणि शेवटी घरची पेढी, ही उत्तरे आपल्या पूर्ण परिचयाची आहेत. अलीकडे मात्र या चर्चेत एक निराळे वाक्य कानी पडू लागले आहे. घरातील मुलगी किंवा मुलगा म्हणतो, ‘मला वृत्तनिवेदन करायचे आहे.’ आजीला कौतुक वाटते, कारण नात दूरदर्शन संचावर दिसणार. वडील गप्प होतात, कारण या व्यवसायात पगार किती, नोकरी किती दिवस टिकते आणि पुढे काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कौतुक आणि चिंता या दोहोंच्या मुळाशी एकच चित्र असते, ते म्हणजे मुंबईच्या मोठ्या वाहिनीचा झगमगता पडदा. या व्यवसायाचा खरा इतिहास आणि खरा हिशेब आपल्या खानदेशातील घरांपर्यंत क्वचितच पोहोचतो. या वेळी तो मांडण्याचा विचार आहे.

वाचकहो, प्रथम एरंडोलसारख्या गावाचाच विचार करू. जळगाव-धुळे महामार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण. येथील माणसाला दररोज कोणती बातमी हवी असते? अंजनी धरणात पाणी किती आले, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, कापसाला आज काय भाव मिळाला, महामार्गावर अपघात झाला तो कोणत्या वळणावर, अंगारकीला पद्मालयाकडे जाणारी वाहने कोठून वळविली आहेत, गावात कोणाचे निधन झाले आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार. यांपैकी एकही बातमी मुंबईची वाहिनी देणार नाही, आणि तिने ती का द्यावी? परंतु एरंडोलच्या माणसाचा दिवस याच बातम्यांवर बेतलेला असतो. ती सांगणारा आवाज कोणाचा आहे आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

महाराष्ट्रात दूरचित्रवाणी आली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्राच्या रूपाने. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणेकरांना ती दिसू लागली. त्या पहिल्या काळात बातम्या वाचणारी माणसे आज आठवली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. प्रा. अनंत भावे हे मराठीचे अध्यापक आणि मुलांचे आवडते लेखक होते. भक्ती बर्वे या रंगभूमीवरील थोर अभिनेत्री. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या १९७५ च्या नाटकात त्यांनी जी भूमिका गाजविली, ती शुद्ध उच्चार शिकू पाहणाऱ्या एका फुलवालीची होती, हा योगायोगही मोठा मौजेचा. डॉ. विश्वास मेहेंदळे हे आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्हीकडे वावरलेले, लेखक आणि वक्ते म्हणूनही ओळखले जाणारे. प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर आवाज सुमारे चार दशके मराठी घरांत ऐकू येत राहिला. जून २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांना घरातील कोणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. त्यांनी स्वतःचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ चालविला, जाहिराती आणि माहितीपटांना आवाज दिला. तात्पर्य, यांपैकी बहुतेकांना बातम्या वाचण्याखेरीज दुसरे भरीव काम होते. त्यांचे नाव आणि त्यांची उपजीविका केवळ त्या पडद्यावर उभी नव्हती. वाचन, अध्यापन, नाटक यांतून आवाज आधी घडला आणि बातमीपत्र त्यानंतर आले.

याच मालिकेत आपल्या खानदेशाशी नाते असलेले एक नाव आहे, स्मिता पाटील. चित्रपटांतील अभिनेत्री म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी, त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्याचे मंत्री आणि शिरपूरच्या सहकारी चळवळीतील प्रमुख व्यक्ती होते. स्मिताबाईंचा जन्म पुण्याचा, पण घराण्याचे मूळ येथले. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते या बातम्यांमुळेच. गंमत अशी, की ज्या काळात खानदेशातील घराण्याची ही मुलगी रोज बातम्या वाचत होती, त्या काळात खानदेशाला ती दिसतच नव्हती. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण तेव्हा मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते होते. शिरपूर, अमळनेर, एरंडोल या गावांना बातमी मिळे ती आकाशवाणीवरून आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून.

१९८४ च्या सुमारास सरकारने देशभर लहान शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभारले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दूरदर्शन पोहोचले. प्रारंभी या प्रक्षेपकांवरून मुख्यतः दिल्लीचेच कार्यक्रम दिसत. म्हणजे दूरचित्रवाणी घरात आली, पण तिच्यात घराजवळचे काही नव्हते. ही उणीव नव्वदच्या दशकात अगदी अनपेक्षित बाजूने भरून निघाली. गच्चीवर तबकडी, एका खोलीत यंत्रे आणि खांबाखांबांवरून घरोघरी ओढलेली काळी वायर, अशा रीतीने केबलचा व्यवसाय गावोगाव उभा राहिला. त्याला शिस्त लावण्यासाठी १९९५ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा झाला. ज्याच्याकडे यंत्रे होती, त्याच्याकडे एक मोकळी वाहिनीही असे. दुपारी त्यावर चित्रपट लागे. मग कोणाच्या तरी मनात आले, की संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या द्याव्यात. महाराष्ट्रातील असंख्य तालुक्यांच्या गावी स्थानिक दूरचित्रवाणीचा जन्म असाच झाला.

या वाहिन्यांचे रूप साधे होते. एक खोली, मागे निळा किंवा हिरवा पडदा, एक मेज, दोन दिवे आणि लग्नसमारंभ टिपणाऱ्या छायाचित्रकाराचाच कॅमेरा. बातम्या वाचणारी व्यक्ती बहुधा महाविद्यालयात शिकणारी, शाळेत शिकविणारी किंवा गावातील कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करणारी असे. नगरपालिकेची सभा, शाळेचे स्नेहसंमेलन, चातुर्मासातील प्रवचनाची वेळ, गणेश विसर्जनाचा मार्ग, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शेवटी निधनवार्ता, असा तो क्रम असे. मधूनमधून साडीचे दुकान, सराफी पेढी आणि शिकवणी वर्ग यांच्या जाहिराती. मानधन नाममात्र मिळे, कधी मिळतही नसे. वाचणारा स्वतःच बातमी लिही, तोच वाचे आणि पुष्कळदा तोच कॅमेरा खांद्यावर घेऊन घटनास्थळी जाई. महानगरातील माणसाला हा सारा प्रकार पोरकट वाटेल. माझे मत मात्र निराळे आहे. वृत्तनिवेदकाला याहून कठीण शाळा दुसरी मिळणार नाही.

याचे कारण असे. मुंबईच्या वाहिनीवर कोणी चुकीचे नाव उच्चारले, तर ज्याचे नाव चुकले तो माणूस फार तर संच बंद करील. एरंडोलच्या वाहिनीवर तेच घडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत तो माणूस समोर उभा असतो. कोणाच्या मृत पित्याचे नाव चुकले, तर ते घर ती गोष्ट वर्षानुवर्षे विसरत नाही. महामार्गावरील अपघातातील मृतांची नावे हाती आली असली, तरी घरच्यांना कळण्यापूर्वी ती वाचायची की नाही, हा प्रश्न तेथे पुस्तकातील नीतिप्रश्न राहत नाही. ते घर दोन गल्ल्या पलीकडे असते. एखाद्या मिरवणुकीत बाचाबाची झाली, तर ‘तणाव’ म्हणायचे, ‘दंगल’ म्हणायचे की ‘किरकोळ वाद’ म्हणायचे, या एका शब्दावर रात्रीची शांतता अवलंबून असू शकते. ज्याला त्याच गावात राहायचे आहे, तो शब्द तोलून वापरतो. श्रोत्यासमोर उत्तरदायी असणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या जवळिकीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गाव लहान, जाहिरातदार थोडे. ज्या दुकानाची जाहिरात येते, त्याच्याविरुद्ध ग्राहकाची तक्रार आली तर ती वाचायची का? ज्या नगरसेवकाने वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पैसे दिले, त्याच्या प्रभागातील तुंबलेल्या गटाराचे चित्र दाखवायचे का? केबलचालकाला खांबावरून वायर नेण्यासाठी सर्वांशी सलोखा राखावा लागतो, आणि त्या सलोख्याचा भार अखेर वाचणाऱ्याच्या आवाजावर पडतो. म्हणून स्थानिक बातमी बहुधा गोड असते. कौतुक, सत्कार, उद्घाटन. कडू बातमी मात्र वगळली जाते. स्थानिक वाहिनीची खरी परीक्षा तिने काय दाखविले यापेक्षा काय गाळले यावर होते. आपण दर्शक म्हणून हे ओळखले नाही, तर दोष केवळ वाहिनीचा राहत नाही.

लहान गावातून वर चढण्याची शिडी मराठीत तयार झाली ती साधारण २००० सालापासून. त्या वर्षी जुलैत ई टीव्ही मराठी सुरू झाली. तिच्या बातम्या मराठी होत्या, पण त्या प्रसारित होत हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा भागांतील तरुण-तरुणी तेथे जाऊन राहिले, मराठी बातम्या लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण त्यांनी तेलुगू शहरात घेतले आणि पुढे मराठी वाहिन्यांत नाव कमावले. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, अशा चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या आणि मागणी एकाएकी वाढली. स्टार माझाचे २०१२ मध्ये एबीपी माझा झाले. इतरांचीही नावे, मालक आणि धोरणे बदलली. या प्रत्येक बदलात काही माणसे वर गेली आणि काही रस्त्यावर आली.

अमेरिकेत ही शिडी फार जुनी आणि रीतसर आहे. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने त्या देशाचे २१० विभाग मानले जातात. तरुण वृत्तनिवेदक एखाद्या लहान विभागातील गावी दोन-तीन वर्षांचा करार करतो, तेथे लिहिणे, चित्रण, संपादन सारे करतो आणि मग पुढच्या मोठ्या विभागाकडे सरकतो. आपल्याकडे अशी सलग पायरी नाही. तालुक्याची वाहिनी आणि मुंबईची वाहिनी यांच्यामध्ये मोठी दरी आहे. ती ओलांडणारे बहुधा निवेदक म्हणून जात नाहीत. ते जिल्हा वार्ताहर म्हणून जातात. उन्हातान्हात बातमी गोळा करण्याचे काम करतात, आणि विषय समजू लागल्यावर त्यांच्यातील एखादा खुर्चीपर्यंत पोहोचतो. ज्या मुलीला थेट खुर्चीच हवी आहे, तिला हे आधी समजावून सांगितले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. या व्यवसायात बाईच्या आवाजाआधी तिचे दिसणे पाहिले जाते. १९८१ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे क्रिस्टीन क्राफ्ट नावाच्या वृत्तनिवेदिकेला पदावरून खाली आणण्यात आले. आपण दिसायला पुरेशा आकर्षक नाही, वयाने अधिक आहोत आणि पुरुषांपुढे पुरेशा नमत नाही, असे कारण आपल्याला सांगण्यात आले, असे त्यांचे म्हणणे. त्या वेळी त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. त्या न्यायालयात गेल्या. दोन वेळा पंचांनी त्यांच्या बाजूने नुकसानभरपाई ठरविली, पण वरच्या न्यायालयात निकाल त्यांच्या विरोधात गेला. खटला त्या हरल्या, तरी प्रश्न कायमचा चव्हाट्यावर आला. पुरुषाचे केस पांढरे झाले की तो अनुभवी ठरतो. बाईचे पांढरे झाले की तिची जागा दुसरीला दिली जाते. आपल्या घरातील मुलीला या क्षेत्रात पाठवायचे असेल, तर चेहऱ्यावर उभी राहणारी कारकीर्द अल्पायुषी असते आणि लेखणी व अभ्यास यांवर उभी राहणारी टिकते, हे तिच्या आईने आणि वडिलांनीही तिला सांगावे.

आता स्थानिक वाहिन्यांच्या आजच्या स्थितीकडे येऊ. केबलचे संपूर्ण डिजिटलीकरण करण्याचा निर्णय झाला आणि टप्प्याटप्प्याने मुदती ठरल्या. मुंबईसारख्या महानगरांसाठी २०१२, नाशिक-पुण्यासारख्या शहरांसाठी मार्च २०१३, नगरपालिकांच्या गावांसाठी डिसेंबर २०१५. न्यायालयीन वादांमुळे ही शेवटची मुदत पुढे लांबली. चित्र स्वच्छ झाले, खोका घरी आला. परंतु पूर्वी गावातील ज्या खोलीतून सारे प्रक्षेपण होई, तिचे महत्त्व संपले. यंत्रणा मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली आणि गावचा केबलचालक बहुतांशी वसुली आणि दुरुस्ती करणारा उरला. त्याची ती मोकळी वाहिनी त्याच्या हाती राहिली नाही. कंपनीने जागा दिली तरच ती दिसणार.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने या स्थानिक वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक वाहिनीची नोंदणी आवश्यक झाली आणि त्यासाठी १००० रुपये शुल्क ठरले. अशा वाहिन्यांची संख्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केली गेली, आणि स्थानिक बातम्या देणारी संस्था रीतसर कंपनी म्हणून नोंदलेली असावी, अशी अट घातली गेली. जबाबदारी निश्चित व्हावी हा हेतू योग्यच आहे. परंतु ज्या गावात बातम्यांचा सारा खर्च चार दुकानांच्या जाहिरातींवर चालतो, तेथे कंपनी स्थापणे आणि तिचे हिशेब ठेवणे हे सोपे काम नव्हे, हे व्यापार करणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

परिणामी गावची बातमी मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर गेली आहे. यूट्यूब, फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांवर कोणीही हातात ध्वनिग्राहक धरून उभा राहतो आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज वाटत नाही. यात चांगले आहे, ते हे की केबलचालकाचा सलोखा सांभाळण्याचे ओझे गेले आणि पूर्वी न दिसणाऱ्या वस्त्यांतील प्रश्न दिसू लागले. वाईट हे, की बातमी आधी देण्याच्या शर्यतीत खात्री करून घेण्याचा अवकाश उरलेला नाही. अपघातग्रस्ताचे छायाचित्र घरच्यांना फोन जाण्यापूर्वीच साऱ्या तालुक्यात फिरलेले असते. जुन्या स्थानिक निवेदकाला दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचा जो धाक होता, तो या नव्या माध्यमात विरळ झाला आहे, कारण पाहणारे केवळ गावातले राहिलेले नाहीत. बाहेरच्या हजारो अनोळखी दर्शकांची संख्या वाढली, तर शेजाऱ्याच्या नाराजीची किंमत कमी वाटू लागते.

चेहरा स्थानिक ठेवून आवाज बाहेरचा वापरता येतो, याचे एक बोलके उदाहरण २०१८ साली अमेरिकेत घडले. सिंक्लेअर नावाच्या कंपनीकडे त्या देशातील जवळजवळ दोनशे दूरचित्रवाणी केंद्रे होती. खोट्या बातम्यांपासून सावध राहा, असा एक मजकूर कंपनीच्या मुख्यालयाने तयार केला आणि गावोगावच्या वृत्तनिवेदकांना तो शब्दशः वाचावयास लावला. नंतर कोणी तरी ती सारी चित्रणे एकत्र जोडली, तेव्हा डझनावारी ओळखीचे चेहरे एकसुरात तेच वाक्य बोलत आहेत, असे देशाने पाहिले. त्या त्या गावच्या लोकांनी वर्षानुवर्षे ज्या माणसावर विश्वास टाकला होता, तो विश्वास मालकाने परस्पर वापरला होता. वृत्तनिवेदकाची खरी मिळकत त्याचा पगार नसून त्याच्यावर लोकांनी ठेवलेला विश्वास असतो, आणि ती मिळकत त्याच्या संमतीवाचून खर्च होऊ शकते, हा धडा आपल्याकडील मुलांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि आता तर माणसाचीही गरज उरली नाही, असे काहींना वाटते. २०२३ मध्ये ओडिशातील एका वाहिनीने ‘लिसा’ नावाची, संगणकाने घडविलेली वृत्तनिवेदिका पडद्यावर आणली. मे २०२४ मध्ये खुद्द दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीने ‘कृष’ आणि ‘भूमी’ असे दोन कृत्रिम निवेदक सादर केले. ते थकत नाहीत, अडखळत नाहीत, पगार मागत नाहीत. हवामान आणि बाजारभाव सांगण्यास ते उपयोगी पडतीलही. पण कापसाचा भाव चुकीचा सांगितला गेला आणि शेतकऱ्याने त्या भरवशावर गाडी भरून नेली, तर तो जाब कोणाला विचारणार? जाब देण्यास कोणी समोर नसेल, तर त्या आवाजावर किती विसंबायचे हे प्रत्येकाने ठरवावे. ज्या मुलांना या क्षेत्रात जायचे आहे, त्यांच्यासाठी यातील अर्थ स्पष्ट आहे. केवळ समोरचा मजकूर गोड आवाजात वाचणे, एवढेच ज्याला येते, त्याची जागा यंत्र घेईल. बातमी शोधणे, तपासणे, लिहिणे आणि तिचे उत्तरदायित्व घेणे ज्याला येते, त्याची जागा इतक्या सहजी जाणार नाही.

मग ‘मला वृत्तनिवेदन करायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलीला घराने काय सांगावे? प्रथम, नाही म्हणू नये. हा सन्मानाचा व्यवसाय आहे. त्यानंतर तिच्या भाषेकडे पाहावे. आपल्या भागात बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया आणि जळगावचे जयगाव होते. बोली म्हणून ते मधुर आहे आणि तिची लाज मुळीच बाळगू नये. अहिराणी ज्याला येते, त्याला शेतकऱ्याशी बोलताना बातमी अधिक खरी मिळते. परंतु प्रमाण मराठीतील बातमीपत्रात ‘ळ’ स्पष्ट उमटला पाहिजे. ज्या घरांत मारवाडी किंवा गुजराती बोलली जाते, तेथे ‘च’ आणि ‘ज’ यांच्या दोन उच्चारांचा सराव करावा लागतो. ‘चार चारा छावण्या सुरू’ एवढे वाक्य जिने न चुकता म्हटले, तिने अर्धी परीक्षा जिंकली. ‘चार’ मधील च निराळा आणि ‘चारा’ मधील निराळा. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचणे, हा जुना उपाय आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे.

दुसरे, शिक्षण. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण मिळते. केवळ ‘अँकरिंग’ शिकविणाऱ्या अल्पकालीन वर्गांना भरमसाट शुल्क देण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. मात्र पदवीचा मुख्य विषय शक्यतो अर्थशास्त्र, कायदा, शेती किंवा राज्यशास्त्र असा भरीव असावा. अर्थसंकल्पाच्या दिवशी ज्याला अर्थशास्त्र कळते, त्यालाच समोर बसविले जाते. तिसरे, दुसरे कौशल्य. अनंत भावे यांना अध्यापन होते, प्रदीप भिडे यांना स्टुडिओ होता. आजच्या मुलीला भाषांतर, लेखन, चित्रण-संपादन यांपैकी एक तरी पक्के यावे. पडद्यावरची जागा गेली तरी घर चालले पाहिजे, आणि घर चालत असेल तरच चुकीची बातमी वाचण्यास ‘नाही’ म्हणता येते. पोटाची चिंता असलेला आवाज फार काळ निर्भय राहत नाही.

चौथे, करार. आपण व्यापारी माणसे एक पोते माल घेतानाही पावती मागतो. मुलीला नोकरी लागली, या आनंदात मात्र नेमणूकपत्र न वाचता सही करतो. मानधन महिन्याचे की बातमीपत्रागणिक, सुट्टी किती, रात्रपाळीनंतर घरी पोहोचविण्याची सोय कोण करणार, नोकरी सोडण्याची किंवा काढण्याची सूचना किती दिवसांची, जाहिराती मिळवून आणण्याची अट आहे काय, हे पाच प्रश्न विचारूनच होकार द्यावा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या निवेदकाला जाहिरातही आणावी लागते, त्याच्या बातमीचा भाव आधीच ठरलेला असतो.

दर्शक म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे. स्थानिक वाहिनीवर अयोग्य काही दिसले, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय देखरेख समितीकडे लेखी तक्रार करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण केवळ तक्रार पुरेशी नाही. एखाद्या तरुण निवेदकाने गटाराची, नळाची, बंद पडलेल्या पथदिव्याची बातमी धीटपणे दिली, तर त्याला दूरध्वनी करून ‘चांगले केलेस’ असे सांगणारे किती जण असतात? आपल्या दुकानाची जाहिरात देताना, आपल्याविषयीची टीकाही त्याने वाचावी, एवढी मोकळीक आपण त्याला देतो काय? गावाला निर्भीड आवाज हवा असेल, तर त्याचा खर्च गावानेच उचलावा लागतो, पैशाने आणि थोड्या सहनशीलतेनेही.

स्मिता पाटील मुंबईत बातम्या वाचत होत्या, तेव्हा खानदेशाला त्या ऐकू आल्या नाहीत, कारण तोवर येथे प्रक्षेपक पोहोचले नव्हते. आज तांत्रिक अडचण कोणतीच उरलेली नाही. एरंडोलमधील मुलीचा आवाज क्षणात एरंडोललाच काय, न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या तिच्या मामालाही ऐकू जाईल. आता प्रश्न उरतो तो इतकाच, की त्या आवाजात बोलण्यासारखे काही असेल काय, आणि तिला ते बोलू देण्याची तयारी आपण, तिचे कुटुंबीय आणि गावकरी, ठेवणार आहोत काय. ज्या घरात यंदा हा विषय निघाला असेल, त्या घराने मुलीला मुंबईचे तिकीट काढून देण्यापूर्वी गावातील नगरपालिकेची एक सभा ऐकून यायला सांगावे आणि तिने तिची बातमी दहा ओळींत लिहून घरातील सर्वांना वाचून दाखवावी. आजीला ती कळली, आजोबांना ती खरी वाटली आणि नगरसेवकाला ती टोचली, तर मुलीची वाट योग्य आहे, असे खुशाल समजावे.